मॉर्टी घाबरतो तेव्हा

विनोदी वाङ्मयात भित्र्या माणसाला पूर्वापार मानाचे पान मिळत आले आहे. चि. वि. जोशी यांचा चिमणराव आठवावा. बिचाऱ्याला उंदरापासून साहेबापर्यंत सर्वांचे भय. पण त्याच्या शेजारी गुंड्याभाऊ उभा असतो. आडदांड देहाचा, मोठ्या आवाजाचा आणि प्रसंगी चिमणरावाला आणखी मोठ्या संकटात लोटणारा. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घरोघरी पोहोचविली, तेव्हा आपण पोट धरधरून हसलो. त्या हसण्यात चिमणरावाबद्दल माया होती, कारण कथा त्याची होती आणि ती सांगणाराही तोच होता. भित्रा नायक आणि धीट सोबती अशी ती वाटणी होती.

ही वाटणी उलटी केली तर काय होते? भीती सोबत्याकडे द्यावी, हा सोबती चौदा वर्षांचा पोरगा असावा, आणि त्याला ओढून नेणारा नायक मात्र कशालाही न भिणारा, कोणालाही न जुमानणारा म्हातारा शास्त्रज्ञ असावा. २ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकेतील अ‍ॅडल्ट स्विम या वाहिनीवर सुरू झालेली ‘रिक अँड मॉर्टी’ ही विज्ञानकथात्मक विनोदी चित्रमालिका हेच करते. डॅन हार्मन आणि जस्टिन रोयलंड हे तिचे निर्माते. २०१८ आणि २०२० अशा दोन वर्षी तिला एमी पुरस्कार मिळाला. आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी तिचे नाव ऐकले नसण्याचा संभव आहे, पण घरातल्या अकरावी-बारावीच्या मुलांना विचारून पाहावे. कल्याण-माळशेज रस्त्यावरच्या टोकावड्यासारख्या गावातही आता जगातली सगळी चित्रे मुलांच्या तळहातावर उतरली आहेत. एसटीची वाट पाहत कट्ट्यावर बसलेली पोरे खाली माना घालून काय पाहतात, हे जाणून घेणे आम्ही आमच्या कामाचा भाग समजतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करावयास हवी. चित्रे हलती-बोलती आहेत म्हणून ही मालिका बालांसाठी आहे असा समज कोणी करून घेऊ नये. ती प्रौढांसाठी केलेली आहे. तीत शिवीगाळ आहे, दारू आहे, रक्तपात आहे, अचकट-विचकट विनोद आहेत, आणि पवित्र म्हणून जे जे काही मानले जाते त्याची टवाळी करण्याची हौसही आहे. सहावी-सातवीच्या मुलांच्या हाती ती पडू नये, असेच आमचे मत आहे. पण ती थोरली मुले पाहणारच असतील, तर ‘वाईट आहे, बंद कर’ एवढ्यावर आपले काम संपत नाही. तीत वाईट काय आणि चांगले काय, हे वेगळे करून सांगता आले पाहिजे. ते सांगण्याची किल्ली आमच्या मते मॉर्टीपाशी आहे.

मॉर्टी स्मिथ चौदा वर्षांचा. पिवळा सदरा, निळी विजार, गोल डोके आणि सदैव आ वासलेले तोंड. बोलताना तो अडखळतो, एकच शब्द दोन-तीनदा म्हणतो, वाक्य अर्ध्यावर सोडतो. शाळेत गणितात कच्चा. वर्गातल्या जेसिका नावाच्या मुलीकडे चोरून पाहण्यापलीकडे त्याची मजल जात नाही. आई घोड्यांची शल्यचिकित्सक आहे, पण आपले आयुष्य हुकले अशी खंत उराशी बाळगून असणारी. वडील जेरी नोकरी गमावलेले आणि मान गमावलेले. थोरली बहीण समर आपल्या नादात. या घरात आईचे वडील रिक सांचेझ कित्येक वर्षे बेपत्ता राहून एके दिवशी परत येतात आणि गॅरेजमध्ये आपली प्रयोगशाळा थाटतात. मुलीला भय असे की बाप पुन्हा निघून जाईल. म्हणून तो मुलाला शाळेतून उचलून परग्रहांवर नेतो, तरी ती फारसे बोलत नाही. घरातले थोरले आपापल्या दुःखात गुंतलेले असले म्हणजे धाकट्याला कोण कुठे नेतो, हे विचारायला कोणी उरत नाही. मालिकेतले सारे चमत्कार बाजूला काढले, तरी एवढी गोष्ट खरी उरते. ती अमेरिकेतच घडते असेही नाही.

रिकला या नातवाची गरज कशासाठी? पहिल्या सत्राच्या अखेरीस, २०१४ मध्ये, त्याचे उत्तर मिळते आणि ते अंगावर काटा आणणारे आहे. रिकच्या मेंदूतून बुद्धिमत्तेच्या ज्या लहरी निघतात, त्यांवरून शत्रू त्याचा माग काढू शकतात. मॉर्टीच्या मेंदूच्या साध्यासुध्या लहरी त्यांना झाकून टाकतात. म्हणजे नातू हे आजोबांचे पांघरूण आहे! अगणित विश्वांत अगणित रिक आहेत आणि प्रत्येकापाशी झाकणापुरता एक-एक मॉर्टी आहे. त्याच भागात एका दुष्ट रिकच्या ठाण्याभोवती शेकडो मॉर्टी साखळदंडांनी जखडून ढालीसारखे टांगलेले दिसतात. विनोदी मालिकेतले हे चित्र पाहताना आम्हाला हसू आले नाही, आणि लेखकांनाही ते आणावयाचे नसावे. मोठ्या माणसांच्या कर्तबगारीमागे लहानांचे मुकेपण कसे वापरले जाते, हे याहून नेमके दाखवणे कठीण आहे.

आता मॉर्टीच्या भीतीकडे वळू. वरवर पाहता ती हसण्यासाठी योजलेली आहे. तो किंचाळतो, पळतो, थरथरतो, आणि रिक ढेकर देत त्याची खिल्ली उडवतो. पण पहिल्याच भागाच्या आरंभी काय घडते ते पाहावे. दारूच्या धुंदीत रिक मध्यरात्री मुलाला अंथरुणातून उठवून आकाशयानात घालतो आणि जगावर बाँब टाकून नवी सुरुवात करण्याचा बेत सांगतो. अडखळत बोलणारा हा पोरगा त्याच्याशी झोंबून त्याला थांबवतो. नंतर रिक म्हणतो की ही तुझी परीक्षा होती. ती परीक्षा नव्हती, हे लहान मूलही ओळखील. इथून पुढे मालिकेचा जो नियम होतो तो असा की, जिथे भ्यावयास हवे तिथे मॉर्टी भितो आणि जिथे भ्यावयास हवे तिथे रिक भीत नाही. रिकच्या निर्भयतेला धैर्य म्हणता येत नाही. ज्याला कशाचीच किंमत वाटत नाही त्याला भीती कशाची वाटणार? मॉर्टीला प्रत्येक गोष्टीची किंमत वाटते. म्हणून त्याची जीभ अडखळते. मोशेही आपण जड जिभेचे आहोत म्हणून मागे सरत होता, हे येथे सहज आठवते, पण ती तुलना फार ताणू नये.

पहिल्याच सत्रातील सहावा भाग या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. जेसिकाचे मन वळविण्यासाठी मॉर्टी आजोबांकडे प्रेमाचे औषध मागतो. मागणे चुकीचे आहे, आणि लेखक मॉर्टीला त्याबद्दल सूट देत नाहीत. रिक औषध देतो, परंतु सर्दीतापाच्या साथीशी त्याची गाठ पडली तर काय होईल हे आधी सांगत नाही. साथ पसरते, उपायावर उपाय करता करता सारी मानवजात विद्रूप राक्षसांत बदलते. मग रिक असे एक जग शोधून काढतो की जिथे हा घोटाळा मिटला आहे, पण मिटताच तिथले रिक आणि मॉर्टी प्रयोगशाळेतल्या स्फोटात मरण पावले आहेत. हे दोघे गुपचूप त्यांची जागा घेतात. मॉर्टीला स्वतःचेच प्रेत स्वतःच्याच अंगणात पुरावे लागते. त्यानंतर तो घरात येतो. आई-वडील नेहमीप्रमाणे वाद घालीत आहेत, बहीण नेहमीसारखी आहे, सोफा तोच आहे. मुलगा डोळे विस्फारून बसून राहतो. त्या दृश्यात एकही विनोद नाही.

दोन भागांनंतर या प्रसंगाचा जो उपयोग लेखकांनी केला आहे त्यासाठी त्यांचे सर्व अपराध क्षणभर माफ करावेसे वाटतात. समरला कळते की आपला जन्म आई-वडिलांना नको होता. ती घर सोडून निघते. मॉर्टी तिच्या खोलीत जातो, खिडकीतून अंगणातली ती जागा दाखवतो आणि आपण रोज सकाळी त्या थडग्यापासून वीस यार्डांवर बसून न्याहारी करतो, हे सांगतो. जगात काहीच हेतुपूर्वक नाही, सारेच एक दिवस मरणार, तेव्हा चल, आपण टीव्ही पाहू, असा त्याच्या बोलण्याचा आशय. हे तत्त्वज्ञान आम्हाला अर्थातच मान्य नाही. माणूस हेतूवाचून जन्मतो, हे आमच्या श्रद्धेच्या थेट विरुद्ध आहे. पण शब्दांकडे न पाहता कृतीकडे पाहावे. चौदा वर्षांच्या मुलाने जे कोणालाही सांगितले नव्हते ते दुःख तो बहिणीपुढे उघडे करतो, कशासाठी, तर तिने घर सोडू नये म्हणून. आणि ती थांबते. ज्या मुलाला वाक्य पुरे करता येत नाही, तो इथे न अडखळता बोलतो. तोंडाने तो ‘कशालाच अर्थ नाही’ म्हणतो आणि हातांनी बहिणीला धरून ठेवतो. मालिकेतले तत्त्वज्ञान रिकचे आहे, प्रेम मॉर्टीचे आहे, आणि या दोहोंचा मेळ लेखकांना शेवटपर्यंत घालता आलेला नाही.

या जोडीची वंशावळ पाहणे उद्बोधक ठरेल. तिचा जवळचा पूर्वज सर्वज्ञात आहे. १९८५ मधील ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटातील डॉक ब्राऊन आणि मार्टी यांची टिंगल करणारी एक छोटी चित्रफीत रोयलंड यांनी २००६ मध्ये केली होती, तिच्यातूनच ही मालिका उगवली. दूरचा पूर्वज मात्र मराठी वाचकाच्या अधिक ओळखीचा आहे. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मराठी मुलांपर्यंत आणल्या. त्याची १८६४ मधली पृथ्वीच्या पोटातील प्रवासाची कथा ज्यांनी लहानपणी वाचली असेल त्यांना हॅम्बर्गचे प्राध्यापक लिडेनब्रॉक आणि त्यांचा पुतण्या अ‍ॅक्सेल आठवतील. काका हेकट, तापट, विज्ञानापुढे जेवणखाण विसरणारे. पुतण्या हुशार, पण भित्रा. त्याला या सफरीवर जायचेच नसते.

वाटेत कोपनहेगन येथे काका त्याला एका चर्चच्या मनोऱ्यावर चढवतात. वरच्या भागात जिना बाहेरच्या अंगाने वळसे घेत जातो. अ‍ॅक्सेलचे डोळे फिरतात, गुडघे लटपटतात, तो सरपटत वर पोहोचतो. काका त्याला खाली पाहावयास लावतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असे सलग पाच दिवस. ज्वालामुखीच्या तोंडातून खाली उतरायचे आहे, तर खोलीकडे पाहण्याची सवय हवी, हा काकांचा विचार. शिकवणी कठोर खरी, पण काका स्वतः बरोबर चढतात आणि पुतण्याची मानगूट त्यांच्या हातात असते. पुढे पृथ्वीच्या पोटात पाणी संपते, अ‍ॅक्सेल कोसळतो, तेव्हा हेच तापट काका आपल्यापाशी जपून ठेवलेला शेवटचा घोट त्याच्या ओठांना लावतात. तहान त्यांनाही लागलेली असतेच. पण हा मुलगा इथवर आला की गळून पडेल हे त्यांनी आधीच ताडले होते.

आमच्या भागातल्या मुलांना हा मनोरा समजावून सांगावा लागत नाही. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेल्यावर नानाच्या अंगठ्याच्या टोकाशी जो पहिल्यांदा जातो, त्याच्या पोटात काय होते हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्या वेळी मागून सदरा धरणारा हात म्हणजे काय हेही.

रिकपाशी तो घोट नाही. पहिल्या भागात कड्यावरून पडून मॉर्टीचे दोन्ही पाय मोडतात, तेव्हा तो औषध शोधून आणतो, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. परंतु त्याला मुलगा पुढच्या कामासाठी धडधाकट हवा असतो. मालिकेचे चाहते म्हणतील, रिक मनातून प्रेमळ आहे, त्याचे पूर्वायुष्य दुःखाचे आहे. असेल. मनातले प्रेम चौदा वर्षांच्या मुलाला दिसत नसते. त्याला घोट दिसतो. आपल्या धाकट्यांनी वर्षानुवर्षे हिंदीतून पाहिलेला ‘डोरेमॉन’ या बाबतीत किती वेगळा आहे! १९६९ मध्ये जपानात जन्मलेल्या त्या कथेतही एक घाबरट, अभ्यासात मागे पडलेला मुलगा आहे आणि भविष्यातली अद्भुत यंत्रे आहेत. पण तिथे यंत्रे नोबितासाठी येतात. इथे मुलगा यंत्रांसाठी, किंबहुना यंत्रे करणाऱ्यासाठी, राबवला जातो. नोबिता त्या यंत्रांनी आळशी होतो ही पालकांची तक्रार रास्त आहे, तरीही रात्री त्याच्या खोलीत त्याची काळजी करणारे कोणीतरी असते.

मालिकेच्या दोषांकडे आता यावयास हवे. अशा मालिकेला मुलाला मोठे होऊ देता येत नाही. इतकी सत्रे झाली तरी मॉर्टी चौदाचाच. त्याला झालेली जखम पुढच्या भागात बहुधा विसरली जाते, आणि हे विसरणेही लेखकांनी विनोदाचा विषय केले आहे. २०१७ मधील एका भागात रिकने मॉर्टीच्या डोक्यातून काढून घेतलेल्या आठवणी काचेच्या नळ्यांत भरून ठेवलेल्या आढळतात. काही मॉर्टीला सोसवत नव्हत्या म्हणून काढलेल्या. काही मात्र अशा की ज्यांत रिक स्वतः हास्यास्पद ठरला होता! एका साध्या शब्दाचा उच्चार त्याने चुकवला, तीही आठवण मुलाच्या डोक्यातून गेली. कल्पना म्हणून हे उत्तम आहे. पण यातून लेखकांना जी पळवाट मिळते ती आम्हाला खटकते. मुलाला पुनःपुन्हा भयंकरात लोटावे, त्याच्या किंकाळीवर हशा मिळवावा आणि पुढच्या वेळी पाटी कोरी करावी, असे वारंवार झाले की प्रेक्षकाची करुणाही झिजत जाते. २०२० मध्ये एमी मिळालेल्या भागात मॉर्टीला काळ मागे फिरवणारे यंत्र मिळते. त्याच्या साहाय्याने तो चुकत-सावरत एका मुलीशी खरी मैत्री जोडतो, हिमशिखरावर कोसळलेल्या विमानातून तिच्यासह जीव वाचवतो, आणि घरी आल्यावर वडील भलतेच समजून ते बटण दाबतात. सारे पुसले जाते. तो भाग पाहून आम्ही थक्क झालो हे खरे. तो संपल्यावर मनात राग राहिला हेही खरे. हा राग रिकवर धरावा की लेखकांवर, हे आम्हाला ठरवता आलेले नाही.

भीती सोडून दिलेला मॉर्टी कसा दिसेल, याचेही उत्तर मालिकेत आहे. एका डोळ्यावर पट्टी बांधलेला तो दुसरा मॉर्टी पहिल्या सत्रात क्षणभर दिसतो. २०१७ मध्ये सर्व रिक-मॉर्टींच्या नगरात तो निवडणूक जिंकतो. २०२१ मध्ये तो सत्य उघड करतो. रिकमंडळींनी असंख्य विश्वांतून जिथे रिकच सर्वांत बुद्धिमान असतो तेवढीच विश्वे कुंपण घालून वेगळी काढली आहेत आणि मॉर्टी तर ते पैदास करून घेत आले आहेत. तो कुंपण तोडून निघून जातो. त्याचा आवाज स्थिर आहे, वाक्ये पुरी आहेत, जीभ कुठेही अडखळत नाही. त्याच्या वाटेवर मात्र प्रेतांचा खच पडलेला असतो. तरुण प्रेक्षक त्याला वीर मानतात. त्याची बंडखोरी आम्हाला समजते. ज्याला जन्मभर झाकण म्हणून वापरले त्याने एक दिवस लाथ मारली तर नवल नाही. पण तो निर्भय झाला तो रिकच्याच पद्धतीने, कोणाचीही किंमत न ठेवता. अडखळणारा मॉर्टी गुलाम आणि न अडखळणारा मॉर्टी मुक्त, असा सोपा हिशेब मुलांनी मांडू नये असे आम्हाला वाटते. आपल्या घरांत ‘घाबरट’, ‘बुजरा’, ‘शेळपट’ अशी नावे ठेवून ज्या मुलांना दहावीपर्यंत आणले जाते, त्यांना हा हिशेब फार लवकर पटतो.

आवाजाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट. पहिली सहा सत्रे रिक आणि मॉर्टी या दोघांनाही रोयलंड यांचाच आवाज होता. दटावणारा आणि भेदरणारा एकाच कंठातून बोलत होते. जानेवारी २०२३ मध्ये वाहिनीने त्यांच्याशी संबंध संपवले आणि सातव्या सत्रापासून रिकला इयान कार्डोनी आणि मॉर्टीला हॅरी बेल्डेन यांचे आवाज मिळाले. जाणकार प्रेक्षक फरक शोधीत बसले. आम्हाला मात्र मुलाला अखेर स्वतःचा गळा मिळाला, याचेच बरे वाटले.

त्याच सातव्या सत्राचा डिसेंबर २०२३ मधील शेवटचा भाग आमच्या मते मॉर्टीला खरा न्याय देतो. एका उपाहारगृहाच्या प्रसाधनगृहात भीतीचा खड्डा आहे. जो त्यात उतरेल त्याला आपले सर्वांत मोठे भय भेटते. मॉर्टी उडी घेतो. पाठोपाठ रिकही आला असे त्याला वाटते आणि दोघे मिळून एकामागून एक भ्रम पार करतात. रिकची मृत पत्नी परत आलेली दिसते, सुटका झाली असे वाटते आणि पुन्हा खड्डाच निघतो. शेवटी मॉर्टीच्या ध्यानात येते की बरोबर असलेला रिकही खड्ड्यानेच निर्माण केलेला आहे. आजोबा उतरलेच नव्हते. राक्षस, मृत्यू, परग्रह यांपैकी कशाचेही त्याला खरे भय नव्हते. आपण आजोबांना हवे आहोत की आपल्या जागी दुसरा कोणीही चालेल, एवढेच ते भय होते. हे त्याला कोणी सांगत नाही. तो एकटा विचार करतो, एकटा ओळखतो आणि एकटाच वर येतो. इथे कोणी त्याची आठवण पुसत नाही. पुढे काही यंत्रही पुरवले जात नाही.

वर रिक उभा असतो. आत काय दिसले ते मॉर्टी त्याला सांगतो, आजीही दिसली हे सांगतो, आणि चालू लागतो. विश्वातला सर्वांत बुद्धिमान माणूस खड्ड्याच्या काठाशी येतो, बराच वेळ आत पाहत राहतो, आणि उडी न मारता मागे फिरतो.